जुन्या हबवर नवी कॅसेट

सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. शंभर वर्षांहून अधिक काळ हे माप हललेलं नाही. आजोबांच्या काळ्या रॅलेची चेन आणि आजच्या बारा गिअरच्या रेसिंग सायकलची चेन या बाबतीत सारख्याच. मागच्या चाकाच्या हबचं मात्र तसं नाही. तिथे आटे होते ते गेले, खाचा आल्या, खाचांची लांबी वाढली, एक्सल रुंद झाला. म्हणून पंधरा-वीस वर्षांची सायकल घेऊन कुणी दुकानात गेलं आणि चढासाठी मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बसवून मागितली, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: बसणार नाही, चाक बदला, नाहीतर सायकलच बदला. हे उत्तर कधी कधी बरोबर असतं. पुष्कळदा मात्र ते मोजमाप न करताच दिलेलं असतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये तरी असं उत्तर ऐकून परत फिरायचं कारण नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने भोसरी एमआयडीसीत उभे राहिले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले आणि हाच पट्टा उत्तरेकडे वाढला. शाफ्टवरचे स्प्लाइन, आटे, बेअरिंगची बसक ही इथल्या हजारो माणसांची रोजची भाकरी आहे. गो गेज आत गेलं पाहिजे आणि नो-गो गेज अडलं पाहिजे, हे इथल्या क्वालिटीच्या माणसाला झोपेतही सांगता येतं. सायकलच्या मागच्या हबला याच नजरेची गरज आहे. खिशातला व्हर्नियर बाहेर काढला की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आधी मोठी कॅसेट लागते कशाला, ते पाहू. पुढे ४२ दात्यांची चकती आणि मागे २८ दात्यांची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दीड वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर सायकल ३.१५ मीटर पुढे जाते. मागची चकती ३४ दात्यांची केली की हेच अंतर सुमारे २.६ मीटरवर येतं. पायावरचा जोर जवळजवळ १८ टक्क्यांनी घटतो. निगडीहून लोणावळ्यापर्यंत जुन्या महामार्गाने जाणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. सिंहगडाच्या चढावर, किंवा खोपोलीहून बोरघाट चढताना, तो गुडघ्यांना लगेच कळतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. घाट चढणाऱ्या बाकीच्यांना किताब नको असतो, सायकलवरून न उतरता वर पोहोचणं पुरतं. त्यासाठी ३४ किंवा ३६ दाते लागतात.

आता हब. मागच्या गिअरांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि बाहेरून ते जवळजवळ सारखे दिसतात. पहिला आट्यांचा. यात हबवर बाहेरून आटे असतात आणि गिअरच्या चकत्यांचा सगळा गड्डा, आतल्या खटक्यांसकट, त्या आट्यांवर फिरवून बसवतात. याला फ्रीव्हील म्हणतात. दुसरा कॅसेटचा. यात पेडल मारणं थांबवल्यावर कटकट वाजणारे खटके हबच्याच एका भागात असतात. या भागाला फ्रीहब बॉडी किंवा नुसतंच बॉडी म्हणतात. तिच्यावर लांब खाचा असतात, चकत्या त्या खाचांतून सरकवायच्या आणि बाहेरून लॉकरिंग आवळायची. दुकानात दोन्हींना सरसकट 'फ्रीव्हील' म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

आपल्या सायकलला यातलं काय आहे, हे पाना न लावता कळतं. चाक उतरवा. सगळ्यात छोट्या चकतीच्या आत, एक्सलभोवती, पाना बसवायच्या खाचांचं कडं दिसेल. चकत्या उलट्या फिरवा. कडं चकत्यांबरोबर फिरलं तर ती लॉकरिंग आहे, म्हणजे कॅसेट. चकत्या फिरल्या आणि कडं जागच्या जागी राहिलं, तर ते आट्यांचं फ्रीव्हील. एवढी परीक्षा केल्याशिवाय कुणीही दुकानात किंवा ऑनलाइन पैसे देऊ नयेत.

आट्यांच्या हबवर कॅसेट बसत नाही. कुठलीही जुगाड-रिंग लावून बसत नाही. हे एकदा स्वच्छ सांगितलेलं बरं. त्या हबचे आटे मात्र मोठे चिवट आहेत. व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे हे माप अनेक दशकं टिकलं आहे आणि आजही त्याच मापाची सात गिअरची नवी फ्रीव्हीलं मिळतात. त्यांतल्या काहींची मोठी चकती ३४ दात्यांची असते. सात गिअरची जुनी सायकल असेल आणि फक्त चढासाठी सोपा गिअर हवा असेल, तर १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील आणून बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा उपाय आहे. एवढी मोठी चकती मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राला, झेपते का, तेवढं मात्र आधी पाहायला हवं.

जुनं फ्रीव्हील काढणं हे खरं कष्टाचं काम. पेडल मारताना ते आट्यांवर आवळतच जातं, त्यामुळे दहा वर्षं चाललेलं फ्रीव्हील हाताने सुटायचा प्रश्नच नाही. पाना हातात धरून जोर लावणारे पान्याचे दात मोडतात, नाहीतर बोटं सोलून घेतात. अनुभवी कारागीर उलटं करतो. तो फ्रीव्हीलचा पाना वर तोंड करून बेंच व्हाइसमध्ये पक्का आवळतो, त्यावर चाक आडवं बसवतो, एक्सलच्या नटाने पाना हलकेच धरून ठेवतो आणि दोन हातांनी रिम पकडून मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक डावीकडे फिरवतो. रिम हाच लांबलचक दांडा होतो. एक 'कट्ट' आवाज येतो आणि आटे सुटतात. सुटल्यावर नट लगेच सैल करायचा, नाहीतर पुढच्या फेऱ्यात एक्सलवर ताण येतो. नवं फ्रीव्हील चढवण्याआधी आट्यांना ग्रीस लावायला विसरू नये. पुढच्या वेळी चाक उघडणारा दुवा देईल.

आट्यांची पद्धत मागे का पडली, हे चाकणच्या कुठल्याही डिझाइनच्या माणसाला नकाशा पाहूनच कळेल. या हबचं उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतं. पाच गिअर होते तोवर ठीक होतं. सहा झाले, सात झाले, तसा बेअरिंगपासून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा निराधार भाग लांबला. दहा मिलिमीटर जाडीचा तो एक्सल खड्ड्यातल्या दणक्यांनी वाकतो आणि शेवटी मोडतो. जड माणूस, मागच्या कॅरिअरवर ओझं आणि पावसाळ्यातला रस्ता एकत्र आले की हे हमखास होतं.

यावरचा उपाय जपानमधल्या साकाई शहरातून आला. सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं हे जुनं गाव. १९२१ मध्ये तिथे शिमानोचा लोखंडी कामाचा कारखाना सुरू झाला आणि त्याचं पहिलं उत्पादन होतं एका गिअरचं फ्रीव्हील. पुढे याच कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब आणला. खटके हबच्या बॉडीत गेले आणि उजवं बेअरिंग बॉडीच्या बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या अगदी जवळ सरकलं. एक्सल वाकणं जवळजवळ थांबलं. ही कल्पना शिमानोच्या आधीही इतरांनी मांडून पाहिली होती, पण ती जगभर रुजवली शिमानोनेच. सुरुवातीच्या पद्धतीत बॉडीवर नऊ सारख्या खाचा होत्या आणि शेवटची चकती आट्यांनी आवळली जायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हायपरग्लाइड आलं. त्यात खाचा नऊच राहिल्या, पण एक वेगळ्या रुंदीची झाली, म्हणजे चकत्या एकाच ठरावीक कोनात बसणार आणि चेन अलगद एकीवरून दुसरीवर चढणार. आज आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक कॅसेट याच खाचांवर बसतात. खाचा तीस-पस्तीस वर्षं तशाच राहिल्या, बदलत गेली ती बॉडीची लांबी. सगळा हिशेब या लांबीचा आहे.

सात गिअरची बॉडी आठ, नऊ, दहा गिअरच्या बॉडीपेक्षा सुमारे चार मिलिमीटर आखूड. आठ, नऊ आणि दहा गिअरच्या कॅसेट एकाच लांबीच्या बॉडीवर बसतात, कारण गिअर वाढवताना चकत्या आणि त्यांतल्या फटी पातळ करत नेल्या. रस्त्याच्या अकरा गिअरना ही जागा अपुरी पडली, म्हणून तिथे बॉडी १.८५ मिलिमीटरने लांब झाली. या तीन लांब्या लक्षात ठेवल्या की दुकानातल्या निम्म्या कोड्यांची उत्तरं मिळतात. लांब बॉडीवर आखूड कॅसेट बसवायची तर मागे रिंग घालायची: अकराच्या बॉडीवर आठ किंवा नऊची कॅसेट १.८५ मिलिमीटरच्या रिंगेने बसते, आठच्या बॉडीवर सातची कॅसेट ४.५ मिलिमीटरच्या रिंगेने. दहाच्या काही कॅसेटना शिवाय एक मिलिमीटरची आणखी एक रिंग लागते, ती कॅसेटबरोबरच मिळते.

ही रिंग बाजारात सापडली नाही तर अडायचं कारण नाही. अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लेथवर असं काम करून देणारा कारागीर भोसरीत गल्लोगल्ली आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: आतलं भोक बॉडीवरून सैलसर सरकेल एवढं, जाडी नेमकी, आणि दोन्ही बाजू समांतर. जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. बाजू तिरक्या झाल्या तर मात्र कॅसेट डुगडुगते.

उलटी अडचण जास्त अवघड: बॉडी आखूड आणि हवी नवी कॅसेट. सात गिअरची बॉडी असलेल्या जुन्या सायकलींपुढे हीच अडचण येते. इथे एक सुंदर हिशेब कामाला येतो. सातच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंत पाच मिलिमीटर असतात. सहा फटी आणि शेवटच्या चकतीची जाडी धरून एकूण रुंदी ३२ मिलिमीटरला जराशी कमी. नऊच्या कॅसेटमध्ये हेच अंतर ४.३५ मिलिमीटर. तिच्यातली एक चकती काढून आठच ठेवल्या, तर सात फटी आणि शेवटच्या चकतीची जाडी मिळून रुंदी ३२ मिलिमीटरच्या किंचित वर जाते. म्हणजे नवातल्या आठ चकत्या सातच्या बॉडीवर मावतात. नऊचा शिफ्टर, नऊची चेन, शिफ्टरची एक पायरी रिकामी, आणि डिरेलर त्याच्या मर्यादा-स्क्रूने अडवलेला. शिमानोच्या सात, आठ आणि नऊ गिअरच्या बहुतेक डिरेलरचा केबलशी असलेला हिशेब एकच असल्यामुळे जुना डिरेलरही चालून जातो. जगभरचे सायकलवाले ही युक्ती वर्षानुवर्षं वापरतात. अकरा आणि बारा गिअरच्या मागे लागण्यापेक्षा जुन्या चाकाचं आयुष्य वाढवायला हीच जास्त शहाणपणाची.

दुसरा मार्ग बॉडीच बदलण्याचा. एक्सल, बेअरिंगचे कोन आणि छर्रे काढले की शिमानोच्या पुष्कळ हबांमध्ये बॉडीच्या पोटात १० मिलिमीटरच्या अॅलन कीचा बोल्ट दिसतो. तो सोडला की बॉडी हातात येते आणि तिच्या जागी आठ-नऊ-दहाची लांब बॉडी चढवता येते. खरं काम त्यानंतरचं. उजवी बाजू चार मिलिमीटरने वाढली, म्हणून एक्सलवरचे वॉशर नव्याने लावायचे. मग रिम फ्रेमच्या मधोमध यावी म्हणून तारांचा ताण फिरवून रिम उजवीकडे घ्यायची. चाकाचा आऊट काढणारा चांगला कारागीर असेल तरच यात पडावं. सगळ्या हबांचे सांधे एकसारखे नसतात आणि इतर कंपन्यांच्या बॉड्या तर नाहीच बसत, त्यामुळे जुनी बॉडी बरोबर नेऊन, शेजारी ठेवून, जुळवूनच नवी घ्यावी.

आठ-नऊ-दहाची बॉडी आधीपासून असेल, तर तो सायकलवाला भाग्यवान. त्याच्यापुढे बऱ्याच नव्या कॅसेट खुल्या आहेत. शिमानोच्या एचजी ७०० आणि एचजी ८०० या अकरा गिअरच्या, ११ ते ३४ दात्यांच्या कॅसेट आखूड बॉडीवर थेट बसतात. त्यांच्या मोठ्या चकत्या आत, तारांच्या दिशेने बॉडीबाहेर ओणव्या असतात, त्यामुळे अकरावी चकती बॉडीवर जागा न घेता मावते. डोंगरी सायकलींच्या अकरा गिअरच्या कॅसेटही याच कारणाने बसतात. मायक्रोशिफ्टच्या नऊ आणि दहा गिअरच्या मोठ्या कॅसेट, स्रॅमची बारा गिअरची ११ ते ५० दात्यांची एनएक्स ईगल, २०२३ मध्ये आलेल्या शिमानो क्यूजच्या जाड आणि टिकाऊ चकत्या, या सगळ्या याच जुन्या खाचांवर चढतात. मर्यादा आहे ती छोट्या चकतीची. या बॉडीवर ११ हून कमी दाते मावत नाहीत. १० दात्यांची चकती हवी, तर स्रॅमची एक्सडी किंवा शिमानोची मायक्रो स्प्लाइन बॉडी लागते, आणि ती जुन्या हबला मिळणं जवळजवळ अशक्य. तिथे नवं चाक घेणं हाच खरा सल्ला.

कॅसेट चढवली की लॉकरिंग लावण्याआधी एक गोष्ट डोळे जवळ नेऊन पाहावी. सगळ्यात छोटी चकती बॉडीच्या कडेपेक्षा केसभर बाहेर आलेली हवी. ती आत राहिली तर लॉकरिंग चकत्यांना न दाबता बॉडीवरच टेकते, बाहेरून घट्ट वाटते आणि आत कॅसेट खुळखुळत राहते. लॉकरिंग सुमारे ४० न्यूटन-मीटरने आवळायची. शेवटच्या फेऱ्यात तिच्या दातऱ्या कर्र कर्र वाजतात, ते बरोबर आहे. बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर जुन्या चकत्यांनी खाचांच्या कडा खाल्लेल्या दिसतील. उठलेले काठ बारीक कानसीने साफ करायचे, नाहीतर नवी कॅसेट अर्ध्यावर अडकते आणि कुणीतरी हातोडी काढतं.

आता फ्रेम. मागच्या दोन ड्रॉपआऊटमधलं, म्हणजे एक्सल बसतो त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर पाच गिअरच्या काळात १२० मिलिमीटर होतं, सहा-सातच्या रेसिंग सायकलींना १२६, नंतर १३०, आणि डोंगरी व हायब्रिड सायकलींना १३५. आपल्याकडे २०१० च्या दशकात घेतलेल्या हायब्रिड आणि एमटीबी सायकलींपैकी बऱ्याच आट्यांच्या फ्रीव्हीलवर चालतात, पण त्यांची फ्रेम १३५ चीच असते. म्हणजे सेकंडहँड बाजारातून आणलेलं नऊ गिअरचं चाक, रिमचा आकार आणि ब्रेकचा प्रकार जुळला तर, सरळ आत बसतं.

१२६ च्या जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये १३० चा हब बसवायचा तर दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटर फाकवाव्या लागतात. स्टील ते सहन करतं. फाकवल्यावर सुताची परीक्षा घ्यायची: एका ड्रॉपआऊटला दोरा बांधून तो पुढे हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. अंतर सारखं नसेल तर एकच बाजू वाकली आहे. डिरेलरचा हँगरही सरळ करून घ्यावा लागतो. अॅल्युमिनियमची आणि कार्बनची फ्रेम मात्र कधीही फाकवू नये. ती वाकत नाही, तडकते, आणि तडकते ती उतारावर.

चेनबद्दल एकच. नव्या कॅसेटवर जुनी चेन चढवू नये. ताणलेली चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही आणि नवी कॅसेटही लवकर खाते.

या सगळ्यात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. रावेतमध्ये, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्याच हद्दीत, ईमोटोराड कंपनीचा ई-सायकलींचा कारखाना आहे, आणि ई-सायकलींचा बाजार इथे वाढतो आहे. मागच्या चाकाच्या हबमध्येच मोटर असलेल्या अनेक ई-सायकलींत, कुठल्याही कंपनीच्या असोत, कॅसेटची बॉडी बसवायला जागा उरत नाही. म्हणून मोटरच्या कवचावर पुन्हा तेच जुने आटे दिसतात आणि त्यावर सात गिअरचं फ्रीव्हील. जुनं म्हणून भंगारात निघालेलं माप नव्या गाडीत परत आलं आहे. फ्रीव्हील काढायचा पाना आणि ते काढायची रीत जाणणारा कारागीर पुढची कितीतरी वर्षं लागणार आहे.

प्रत्येक जुना हब बदलण्यालायक नसतो, हेही खरं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जपलेलं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथल्यासारखी मूळ भागांची सायकल घरात असेल, तर तिचे भाग न बदलता नुसतं ओव्हरहॉलिंग करून ठेवावं. रोज वापरातल्या सायकलीला मात्र नवे गिअर द्यायला काहीच हरकत नाही.

आणि चाकणपासून दापोडीपर्यंतच्या सायकल दुकानदारांना एक विनंती. सात आणि आठ गिअरच्या चांगल्या बॉड्या, जुने एक्सल, कोन आणि वेगवेगळ्या जाडीच्या रिंगा किलोच्या भावाने भंगारवाल्याला देऊ नका. चाक मोडीत निघालं तरी ते भाग काढून, पुसून, माप लिहून एका डब्यात ठेवा. शोधत येणारं गिऱ्हाईक त्याचे पैसे आनंदाने देईल.